एका वेळी एकच टोपी

मित्रांनो, मला चेहरा नाही, नुसते डोके आहे. तेही लाकडाचे आणि आतून भरीव, त्यामुळे मी विचार जरा सावकाश करतो. मी टोप्यांचा एक जुना साचा आहे. उंच डोंगरांतल्या ला पाझ शहरात, एका चढाच्या गल्लीत, एका दाराएवढ्या रुंद दुकानात मी पन्नासेक वर्षे बसून आहे.

आमच्याकडच्या बाया घेरदार परकर नेसतात, दोन वेण्या घालतात आणि डोक्यावर लहानशी गोल टोपी ठेवतात. ठेवतात असेच म्हणायला हवे, कारण ती डोक्यात घट्ट बसत नाही, नुसती वर टेकलेली असते. ती पडत कशी नाही, हे मलाही अजून कळलेले नाही. पण त्यामुळे एक सोय झाली आहे. सगळ्या बायांना माझा एकच आकार पुरतो. टोपी मळली, चेपली किंवा भिजली, की ती माझ्याकडे येते.

मला इलारिओन कालिसाया नावाच्या कारागिराने घडवले. डोंगराखालच्या गरम जंगलातून त्याने लाल लाकडाचा ओंडका आणला आणि तीन आठवडे तासत बसला. मधून मधून बायकोची टोपी माझ्यावर घालून बघायचा. चौथ्या आठवड्यात बायको म्हणाली, "माझी टोपी मला परत मिळणार आहे, की या ओंडक्याशीच संसार करणार आहात?" तेव्हा कुठे त्याने मला मेण लावले आणि कामाला बसवले.

काम असे असते. टोपी किटलीच्या वाफेवर धरायची, मऊ झाली की माझ्यावर ओढायची, दोरीने आवळायची, डिंकाच्या पाण्याचा हात फिरवायचा आणि मग गप्प बसायचे. आमच्या थंड हवेत टोपी सुकायला एक दिवस आणि एक रात्र लागते. शेगडीजवळ नेली तर ती आक्रसते, लवकर उतरवली तर चार दिवसांत मान टाकते. या बाबतीत कुणाचेच काही चालत नाही.

म्हणून इलारिओनचा हिशेब सोपा होता. आठवड्याचे कामाचे दिवस सहा, साचा एक, टोप्या सहा. सातवी आली की तिला पुढचा सोमवार.

"अहो, मला बुधवारी पाहिजे. बाप्तिस्मा आहे घरात," एखादी बाई म्हणायची.

"बुधवार रोसेंदाबाईंचा आहे. तुमचा शुक्रवार."

"म्हणजे मी उघड्या डोक्यानं जाऊ?"

"बाप्तिस्मा शनिवारी ठेवा."

बाया त्याला खडूस म्हणायच्या, पण शुक्रवारी येऊन टोपी घेऊन जायच्या. कार्निव्हलच्या मंगळवारी मात्र हाच खडूस माणूस माझ्याभोवती रंगीत कागदाच्या फिती गुंडाळायचा, थोडी बिअर जमिनीवर सांडायचा, थोडी माझ्यावर शिंपडायचा आणि म्हणायचा, "वर्षभर राबलास रे बाबा." मी पीत नाही. पण लाकूड शोषून घेते, एवढे खरे सांगतो.

पुढे त्याच्या गुडघ्यांना चढ झेपेना. तो खाली गरम खोऱ्यात भावाकडे राहायला गेला आणि दुकान त्याच्या मुलीकडे, सातुर्निनाकडे आले.

सातुर्निनाचा हात बापापेक्षा हलका. तिच्या बोटांखाली फेल्ट, म्हणजे टोपीचे दाबलेल्या लोकरीचे कापड, लोण्यासारखे वळते. माणूसही लाख मोलाची, आणि तोच घोटाळा झाला. समोरच्या बाईचा उतरलेला चेहरा तिला बघवायचा नाही. "शनिवारी नक्की देते, काळजी करू नका," असे ती पहिलीला म्हणाली, दुसरीला म्हणाली, आणि एका आठवड्यात नऊ जणींना म्हणाली. मी सावकाश विचार करतो तरी मला हे कळत होते, की शनिवार एक आहे, मी एक आहे आणि टोप्या नऊ आहेत.

मग ती पहाटे दुकान उघडू लागली, उभ्याने सूप पिऊ लागली. अर्धवट ओल्या टोप्या माझ्यावरून ओढून काढू लागली. तरी फळीवरचा ढीग काही कमी होईना. सकाळी दार उघडताच जी सगळ्यात मोठ्याने ओरडेल तिची टोपी माझ्या डोक्यावर चढायची आणि कालपासून चढलेली ओलीच खाली उतरायची.

एके दिवशी एक बाई लग्नाला जायच्या तयारीनिशी दारात उभी राहिली. तिची टोपी झालेलीच नव्हती. ती रडकुंडीला आली. सातुर्निनाने इकडेतिकडे बघितले, फळीवरची दुसऱ्याच एका बाईची टोपी झटकली आणि म्हणाली, "आजच्यापुरती ही घाला. उद्या आणून द्या." ती बाई खूश झाली. सातुर्निनाला हायसे वाटले आणि मला घाम फुटायचा राहिला.

कारण त्यानंतर ती रीतच पडली. एकीची टोपी दुसरीच्या डोक्यावर, दुसरीची तिसरीच्या. काम करायला वेळ पुरत नव्हताच, आता कुणाची टोपी कुठल्या वस्तीत फिरते आहे हे आठवण्यातही वेळ जाऊ लागला. त्या वर्षी कार्निव्हलच्या मंगळवारी ती अशाच एका टोपीमागे गावभर हिंडत होती. माझ्याभोवती फिती नाहीत, बिअरचा थेंब नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

या सगळ्यात एक टोपी होती, जिच्यावर माझा जीव जडला होता. ती होती बेनेदिक्ताच्या आईची.

बेनेदिक्ता बाजारात पाव विकते. ती सातुर्निनाच्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. तिची आई कोपऱ्यावर जांभळ्या मक्याचे, दालचिनी घातलेले गरम पेय विकायची. आई गेली आणि महिन्याभराने, सप्टेंबरात, बेनेदिक्ता काळ्या कपड्यांत टोपी घेऊन आली.

"आईच्या वर्षाच्या मिस्सेला, चर्चमध्ये घालीन म्हणते. ऑगस्टात. घाई नाही गं कोमाद्रे, तू आधी बाकीच्यांचं बघ."

"तुझी सगळ्यांच्या आधी करते. सोमवारीच घेते बघ," सातुर्निना म्हणाली, आणि ती ते मनापासून म्हणाली होती.

असे सोमवार आले आणि गेले. बेनेदिक्ता रोज सकाळी टोपली घेऊन दारावरून जायची, खिडकीत दोन पाव ठेवायची आणि टोपीबद्दल चकार शब्द काढायची नाही. टोपी माझ्या शेजारी फळीवर होती. तिच्या अस्तरातून दालचिनीचा आणि धुराचा वास यायचा. आज ना उद्या ती माझ्यावर बसेल, म्हणून मी वाट पाहत होतो. पण जी ओरडत नाही तिची पाळी येणार कशी?

जुलै संपताना वरच्या वस्तीतली रुफिना आली. तिची टोपी तयार नव्हती, तिच्याकडे जत्रेचा नाच होता आणि तिने दुकान डोक्यावर घेतले. सातुर्निनाचा हात फळीकडे गेला. तिथे धड म्हणावी अशी एकच टोपी उरली होती. हात क्षणभर थांबला. मग तिने ती टोपी रुफिनाला दिली.

"मंगळवारी परत हं. विसरू नका."

मंगळवार गेला, त्यापुढचाही गेला. आणि एका गुरुवारी बेनेदिक्ता दारात उभी राहिली.

"रविवारी मिस्सा आहे, कोमाद्रे. टोपी दे."

सातुर्निनाने फळी पुसायला घेतली. टोपीची रिकामी जागा तिने दोनदा पुसली. मग म्हणाली, "टोपी इथं नाही गं. मी... मी ती एकीला घालायला दिली."

"आईची?"

"तू म्हणाली होतीस ना, घाई नाही..."

बेनेदिक्ताने टोपली खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही.

"मी घाई नाही म्हटलं होतं गं. नको म्हटलं नव्हतं."

टोपली उचलून ती गेली. त्या दिवशी खिडकीत पाव नव्हते. सातुर्निना स्टुलावर बसून राहिली. कोमाद्रेचे नाते आमच्याकडे रक्ताच्या नात्याहून कमी नसते. ते आपल्या हाताने तुटते आहे, हे तिला दिसत होते आणि मलाही दिसत होते.

शुक्रवारी तिने दुकानाला कुलूप लावले आणि केबलकारने वरच्या वस्तीत गेली. दुपारी परतली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपी घेऊन. काय तिची दशा! बिअरचे डाग, एक बाजू पार चपटी. नाचताना टोपी खाली पडली आणि बँडमधला सगळ्यात जाडा माणूस तिच्यावर बसला, असे रुफिनाचे म्हणणे होते.

त्या वेळी माझ्या डोक्यावर ओर्तेन्सियाबाईंची टोपी होती, सकाळीच ओढलेली. या बाई नाचाच्या पथकाच्या प्रमुख. दरवर्षी तीस टोप्या आणायच्या. त्यांना शनिवार कबूल केलेला होता, कारण रविवारी त्यांचा नाच होता. आणि आईची टोपी रविवारी सकाळी हवी असेल तर ती आताच, या घटकेला माझ्यावर चढायला हवी होती. नेमक्या त्याच वेळी ओर्तेन्सियाबाई डोकावल्या.

"बसलीय ना माझी साच्यावर? शाबास."

"बसलीय. पण काढतेय," सातुर्निना म्हणाली.

"इतक्यात झाली?"

"नाही झाली, ओली आहे. हा शनिवार मी तुम्हाला द्यायलाच नको होता, बाई. तो दुसऱ्या कुणाचा होता."

"कुणाचा? कोण एवढी मोठी लागून गेली?"

"मोठी नाही. अकरा महिने गप्प बसलीय, एवढंच."

"तीस टोप्या, सातुर्निना! तीस! खालच्या गल्लीतला माणूस दोन दिवसांत सगळ्या देतो म्हणतो."

"मग त्याच्याकडे द्या. फक्त त्याच्याकडे साचे किती आहेत तेवढं विचारा."

एवढे म्हणून तिने माझ्यावरची दोरी सोडली. ओर्तेन्सियाबाईंनी ओली टोपी शालीत गुंडाळली, "चांगले पांग फेडलेस" असे म्हणाल्या आणि तरातरा उतरून गेल्या. सातुर्निना रडली नाही. तिने किटली चढवली.

आईची टोपी अखेर माझ्यावर आली. मित्रांनो, मी हजारो टोप्या घातल्या असतील, पण अशी जीव लावून कुठलीच धरली नाही. वाफेने बिअर निघाली, धूर निघाला. चपटी बाजू सातुर्निनाने बोटांनी कणाकणाने वर आणली आणि मी आतून आधार दिला. शनिवारभर तिने माझ्याकडे दुसरी टोपी आणली नाही. तीनदा कुणी कुणी दारात येऊन ओरडले. तिने तिघींनाही पुढल्या आठवड्यातला एकेक वार सांगितला.

रविवारी सकाळी मिस्सेच्या आधी बेनेदिक्ता आली. सातुर्निनाने टोपी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली आणि काहीही न लपवता सगळे सांगितले: जत्रा, बिअर, तो जाडा माणूस. बेनेदिक्ताने टोपी नाकाशी नेली.

"दालचिनी गेली."

"गेली. वाफेनं गेली. माफ कर गं मला."

मग बेनेदिक्ताने टोपी डोक्यावर ठेवली आणि भिंतीवरच्या आरशात पाहिले.

"नीट बसलीय?"

"थोडी डावीकडे घे. तुझी आई डावीकडे घ्यायची."

तिने टोपी डावीकडे केली आणि एकदम तिला हसू आले, डोळ्यांत पाणी असतानाच. "गुडघ्यांपायी दहा वर्षं नाचली नव्हती बिचारी. चला, टोपी तरी नाचून आली." मग डोळे पुसून म्हणाली, "माझा राग गेलेला नाही हं अजून. चल, मिस्सेला चल. माझ्या आईसाठी तुला वेळ नाही का?"

फळीवर सात टोप्या पडून होत्या. सातुर्निनाने त्यांच्याकडे पाहिले, दिवा मालवला आणि कोमाद्रेबरोबर निघून गेली.

बाहेर फिरणाऱ्या सगळ्या टोप्या घरी यायला दोन आठवडे लागले. ओर्तेन्सियाबाईंच्या तीसपैकी बारा टोप्या हळूहळू परतल्या, बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. कमाई थोडी घटली, पण सातुर्निना आता बसून जेवते. आठवड्याला सहा टोप्या घेते. एखादी बाई "कधीही द्या, घाई नाही" म्हणाली, की ती हातातले काम थांबवून विचारते, "ते असू दे, पण तुम्हाला लागणार कधी?" आणि तिचा वार सगळ्यांत आधी लिहून ठेवते.

मित्रांनो, मी साधा लाकडाचा साचा आहे. एका वेळी एकच टोपी घालू शकतो, आणि तुमचा दिवसही तेवढाच असतो. त्यात घाई करणारे शिरतातच, त्यांना कुणी बोलवावे लागत नाही. पण तुमच्याकडेही कुणीतरी असेल, खिडकीत गुपचूप पाव ठेवून जाणारे, "माझं काय, होईल सावकाश" असे म्हणणारे. त्यांचा वार आजच ठरवा. ते तुम्हाला आठवण करून देणार नाहीत.