पाठमोरी माणसं

तहसीलच्या साहेबाचा कागद कोकरानं खाल्ला, आणि सकाळच्या पारी तात्याबाच्या घरात भांडण पेटलं.

कागद जानकीबाईच्या नावाचा होता. आदल्या दिवशी कोतवाल सही घेऊन देऊन गेला होता. घरात ठेवला तर नवऱ्याच्या हातून चुलीत जाईल, या भीतीनं तिनं तो मेंढ्या कोंडायच्या जाळीला सुतळीनं बांधून ठेवला. कागद नवऱ्यापासून वाचला आणि कोकराच्या तोंडी पडला. उरले ते फक्त माथ्यावरचे सिंह. कोकरू असून त्यानं सिंह तेवढे सोडले होते.

"बघ, देवाच्याच मनात न्हाई," तात्याबा खुशीत म्हणाला. "तारीख खाल्ली, टाइम खाल्ला. आता जायचं कवा अन् कुठं? कोकराच्या पोटाला इचार."

"कोकराला अक्कल न्हाई. तुमाला तरी असंल वाटलं."

"हाय म्हनूनच सांगायलोय! धर्मराज सरपंच व्हता. त्याच्या मातीला पाच हजार मानूस आलं. तू नुसती मेंबर हायस. तुझ्या मातीला तेरा येतील. त्यातली निम्मी जेवन कवा हाय ते इचारून जातील."

"तुमी तरी येसाल का न्हाई?"

"मेंढरं कोन बघंल मंग?"

जानकीबाईनं हातातला झाडू जमिनीवर आपटला. सांगायचं ते त्या झाडूनं सांगितलं.

प्रकरण दोन महिन्यांपूर्वीचं होतं. हिवरवाडी गोदावरीच्या काठाला. नदीतली वाळू उपसून उपसून विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा धर्मराज सरपंचानं ग्रामसभा बोलावली आणि वाळूचा उपसा बंद करायचा ठराव मांडला. सभेत शंभरावर माणसं होती, पण हात वर करायच्या वेळी बऱ्याच जणांना पाठ खाजवायची आठवण झाली. पहिला हात जानकीबाईचा उठला. राखीव जागा भरायला म्हणून लोकांनी तिला मेंबर केलं होतं. तिनं ते मनावर घेतलं, ही लोकांची चूक.

ठरावाला आठ दिवस झाले नाहीत, तोच नदीच्या बांधावर धर्मराजला चौघांनी गाठलं. तोंडाला फडकी, हातात लोखंडी नळ्या. जानकीबाई पलीकडं मेंढरं चारत होती. ती ओरडत, कुत्री सोडत धावली. चौघं बांध उतरून जीपकडं पळाले. ती पोहोचली तेव्हा धर्मराज अजून बोलत होता. दवाखान्यात जाईपर्यंत बोलायचा थांबला.

फौजदारानं तिचा जबाब घेतला.

"चेहरे पाहिले?"

"फडकी बांधली व्हती."

"मग पाहिलं काय?"

"पाठी. तिघांच्या. चौथा जीपमधी बसला व्हता पटकन."

फौजदारानं पेन खिशाला लावलं. "बाई, पाठ सगळ्यांनाच असते."

"मेंढराला बी असती, साहेब. दीडशे हायत मपल्याकडं. जल्मभर त्यांच्या मागं चालले. म्होरून वळखतो त्यो गिऱ्हाईक. मागून वळखतो त्यो धनगर."

फौजदार हसला. शेजारी धर्मराजची मुलगी सुकन्या बसली होती. ती अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायची. ती हसली नाही. तिनं ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि त्यावरून चार अर्ज केले. मोबाइलच्या लोकेशनवरून पोलिसांनी दोघांना धरलं होतं, पण त्यांना बांधावर पाहिलेलं माणूस एकच, आणि तिनं पाहिल्या त्या पाठी. चौथ्या अर्जाला उत्तर आलं : साक्षीदारानं ओळख परेडला हजर राहावं. तेच उत्तर कोकरानं खाल्लं.

पण तहसिलीतून कागद निघतानाच सुकन्यानं त्याचा फोटो काढून ठेवला होता. फोनवर ती म्हणाली, "मावशी, उद्याच आहे. सकाळी सातला येते न्यायला."

तात्याबानं कोकराकडं असं पाहिलं, जसं काही त्यानं काम अर्धवट टाकलं.

त्याच दुपारी परमेश्वर आला. शेजारच्या गावचा, पांढराफेक सदरा. वाढदिवसाच्या फलकांवर हात जोडून उभा असलेला तालुक्यानं पाहिला होता. प्रत्यक्षात जानकीबाई पहिल्यांदाच पाहत होती. पिशवीत साडी घेऊन आला आणि खाटेवर ऐसपैस बसला. तात्याबानं लगबगीनं चहा टाकला.

"मावशी, वय झालं आता," परमेश्वर मायेनं म्हणाला. "डोळ्याला कमीच दिसत असंल."

"दिसतं की. चांगलं दिसतं."

"न्हाई वं, कमी दिसतं," त्यानं समजूत घातली. "डाक्टरचं सर्टिफिकेट बी आनून देतो. बसल्या जागी."

"लई कमी दिसतं तिला!" तात्याबा चुलीपासून ओरडला. "परवा मलाच परका समजून कुत्रं सोडलं."

"ते वळखून सोडलं व्हतं," जानकीबाई म्हणाली.

परमेश्वर हसला. बशीतला चहा फुंकत त्यानं विचारलं, "मेंढरं किती? दीडशे न्हवं? जपा. गवत खराब झालंय आजकाल. कुठं कोन काय फवारतं, सांगता येत न्हाई. सकाळी उठून बघावं, तर सगळी आडवी."

तात्याबाच्या हातातला चिमटा गळून पडला. जानकीबाईनं पिशवीतून साडी काढली, उन्हात धरली, काठ उलटा करून पाहिला.

"मोरपंखी हाय," ती म्हणाली. "जरीत एक धागा तुटलाय. दिसायलाय मला."

साडी घडी करून तिनं पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. परमेश्वर उठला. "इचार करा," म्हणाला आणि गाडीकडं चालू लागला.

आता, माणूस समोर बसून काय वाटेल ते लपवतो. हसू लपवतो, राग लपवतो. पण जाताना त्याला वाटतं, आपलं काम झालं. आणि पाठ उघडी राहते. परमेश्वर काटेरी फाटकापर्यंत गेला. उजवा खांदा पडलेला. दर चार पावलांना डाव्या हातानं पँट वर ओढायची खोड. चौथ्या पावलाला ओढली. पुन्हा चौथ्याला ओढली.

जानकीबाई जागची उठली.

"आवं."

"काय?"

"ह्यो बी व्हता."

"कुठं व्हता?"

"बांधावर. तिसरा. पळताना बी अशीच पँट ओढीत व्हता. मी मनात म्हनलं व्हतं, मानूस मारायला आलाय अन् नाडी बांधायची अक्कल न्हाई."

तात्याबा मटकन खाटेवर बसला आणि त्याच जागी परमेश्वर बसला होता हे ध्यानात येऊन लगेच उठला. त्याचं तोंड पांढरं पडलं, मग लाल झालं. धर्मराज गेल्यापासून जो माणूस भ्याला होता, त्याला अचानक भलत्याच गोष्टीचा राग आला.

"मपल्या खाटंवर बसून च्या पिऊन गेला बे त्यो!" तो फाटकाकडं बघून ओरडला; गाडी तोवर दिसेनाशी झाली होती. "शेळीच्या दुधाचा च्या! आलं घालून! सोताच्या बापाला आलं घातलं न्हाई मी कधी!"

"मंग? जाऊ का उद्या?"

"जाऊ का म्हनून काय इचारतीस? न जाऊन काय करतीस? मी मेंढरांजवळच झोपतो. बांधावरचं एक पान खाऊ देत न्हाई कुनाला." मग हळू आवाजात : "माघारी ये मातर."

दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या आवारात चौदा माणसं एका रांगेत उभी होती. दोघे आरोपी, बाकीचे बारा त्यांच्या वयाचे, त्यांच्या अंगाचे, बाहेरून गोळा केलेले. परेड घ्यायला नायब तहसीलदार राधाकिशन साहेब आले होते. बारीक, कायद्याचे, घामाघूम. पोलिसांना आत मज्जाव होता. सुकन्यालाही बाहेर बसवलं. आत जानकीबाई, साहेब आणि दोन पंच.

"बाई, नीट पाहा. ओळख पटली की खांद्याला हात लावा."

जानकीबाई रांगेसमोरून चालली. सातव्या माणसाशी थबकली. डोळे बारीक केले आणि त्याच्या खांद्यावर असा हात टाकला की तो खाली वाकला.

"ह्यो चोर!"

साहेबांनी यादी पाहिली. "बाई, हा आरोपी नाही. हा बाजारातून बोलावलेला माणूस आहे."

"बाजारातलाच चोर हाय! रामप्रसाद न्हाई का तू? गेवराईच्या बाजारात दोन दाती, तरनी म्हनून म्हातारी मेंढी मपल्या गळ्यात मारलीस. दात घासून बारीक केलते तिचे! महिन्यात मेली ती."

"साहेब, मला फक्त उभं राहायला सांगितलं होतं," रामप्रसाद रडवेला झाला.

"ते वेगळं प्रकरण आहे," साहेब घाम पुसत म्हणाले. "बाई, खुनातले ओळखा."

"मंग तोंडं कावून दावायलेत मला? तोंडं मी पाहिलीच न्हाईत. पाठमोरे करा."

साहेबांनी नियम चाळले. ओळखणाऱ्यानं पुढूनच पाहावं असं कुठं लिहिलं नव्हतं. मागून पाहावं असंही नव्हतं. त्यांनी पंचांकडं पाहिलं. पंचांनी आभाळाकडं पाहिलं. चौदाजण पाठमोरे झाले.

"आता चालवा."

चौदाजण चालू लागले. आवाराच्या भिंतीपर्यंत, तिथून परत, पुन्हा भिंतीपर्यंत. जानकीबाईच्या कपाळाला आठी पडली. बाराजण माणसांसारखे चालत होते. दोघेजण फार चांगले चालत होते. शाळेतल्या कवायतीसारखे, एकेक पाऊल मोजून. कुणीतरी त्यांना शिकवून ठेवलं होतं.

तिला रामप्रसादचीच आठवण झाली. लंगडी मेंढी विकायची असली की व्यापारी तिला मऊ मातीत उभी करतो, हळू चालवतो. अशा वेळी जाणतं गिऱ्हाईक काय करतं, ते जानकीबाई बापाच्या कडेवर बसून शिकली होती. ती दोन पावलं पुढं सरली, जमिनीवर टाच आपटली, आणि नदीच्या पल्याड ऐकू जावी अशी आरोळी ठोकली.

"हुर्रर्र हाऽऽ! हाऽऽऽ!"

तुरुंगाच्या भिंतीवरचा पहारेकरी दचकून शिट्टी फुंकायला लागला. त्या शिट्टीनं चौदाच्या चौदा जण जीव घेऊन भिंतीकडं पळाले. पंचांतला एकजण त्यांच्यात सामील झाला. आणि त्या पळापळीत कवायत विसरली. एकजण डावी टाच घासू लागला, खुरात काटा रुतलेल्या मेंढरासारखा. दुसऱ्याचे गुडघे आत आणि कोपरं बाहेर. बांधावरची संध्याकाळ जानकीबाईच्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहिली. ती भिंतीपर्यंत चालत गेली आणि मागून, एकेकाच्या खांद्याला नुसतं बोट लावलं.

"ह्यो. अन् ह्यो."

साहेबांनी यादी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग वळणदार अक्षरात लिहू लागले. आरोळीचं काय लिहायचं यावर त्यांची पंचाईत झाली. शेवटी लिहिलं : 'साक्षीदाराने मोठा आवाज केला.'

"तिसरा हितं न्हाई," जानकीबाई म्हणाली. "काल मपल्या घरी च्या प्यायला आलता. लिवून घ्या."

"ते माझ्या कागदात बसत नाही, बाई. ठाण्यात सांगा."

ठाण्यात तिनं सांगितलं. खांदा सांगितला, पँट सांगितली, साडीतला तुटलेला धागासुद्धा सांगितला. परमेश्वरचं नाव ऐकल्यावर फौजदारानं पेन खाली ठेवलं, दाराकडं पाहिलं. पण सुकन्या समोर बसली होती, वही उघडून. त्यानं पेन पुन्हा उचललं, आणि पूर्ण जबाब होईपर्यंत खिशाला लावलं नाही.

उन्हं कलल्यावर दोघी फाट्यावर बसमधून उतरल्या. गावाचा रस्ता दोन्हीकडच्या ज्वारीतून जाणारा, काळ्या मातीला भेगा पडायला लागलेल्या. तात्याबाचा फोन येऊन गेला होता : मेंढरं एकशे पन्नास, कुत्री तीन, आणि मी, सगळे जागेवर.

थोडं चालल्यावर सुकन्या म्हणाली, "मावशी, आबा शेवटी काही बोलले का? गावात सांगतात, 'गावाला सांभाळा' असं म्हणाले. श्रद्धांजलीच्या फलकावर पण तेच छापलंय."

हे ओझं जानकीबाईनं दोन महिने वाहिलं होतं. फलकावरचं वाक्य इतकं मोठं, आणि तिच्याजवळचं इतकंसं.

"खरं सांगू? राग धरशील."

"नाही धरत."

"डोकं मांडीवर घेतलं मी त्यांचं. मपल्याकडं बघितलं, मंग मपल्या मागं बघितलं, अन् म्हनले, 'जानकीबाई, मेंढरं ज्वारीत चाललीत.'"

"बस?"

"बस. अन् चालली बी व्हती."

सुकन्या थांबली. "कुणाच्या ज्वारीत?"

"तुमच्याच."

सुकन्याला हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि फुटलं ते आवरेना. ती बांधावर बसली, ओढणी तोंडाला लावली आणि हसत राहिली. हळूहळू ते हसू राहिलं नाही. जानकीबाई शेजारी उभी राहून ज्वारीकडं बघू लागली.

"पिकाची काळजी न्हाई केली त्यांनी," ती म्हणाली. "कोवळी ज्वारी मेंढराला बाधती. पोट फुगून मरतं. म्हनून सांगितलं. मी आरोळी दिली, कुत्र्यानं वळवली. एक बी मेलं न्हाई."

सुकन्यानं मान हलवली. तोंड पुसलं, वही काखेत धरली आणि पुढं चालू लागली.

जानकीबाई सवयीनं दहा पावलं मागं राहिली. आणि तिला दिसलं. डावं पाऊल थोडं बाहेर टाकायचं. दोन्ही हात पाठीमागं बांधायचे. मान किंचित उजवीकडं, वाटेवर कुणी हाक मारील तर ऐकू यावी म्हणून. तीस वर्षं धर्मराजची हीच चाल तिनं पंचायतीकडं जाताना पाहिली होती.

तिनं हाक मारली नाही. पायात काटा मोडल्यासारखं करून चाल आणखी मंद केली, म्हणजे गाव येईपर्यंत ती पाठ पुढं राहील.