मैना होडीतला गारवा

आनंदाने आपल्या शिडाच्या होडीत एसी बसवायला घेतला, तेव्हा पनवेलच्या कोळीवाड्याने पोटभर हसून घेतलं. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणाला आनंदा, आणि खिळे ठोकत राहिला.

त्याला हसू येण्यासारखं काही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको सोनाबाई मासळीबाजारात पाटीपुढे बसल्या बसल्या कोसळली. ऊन लागलं होतं. वाचली, पण तेव्हापासून तिने उन्हाचा असा धसका घेतला की दिवसाउजेडी घरातल्या एसीपुढून हलायची नाही. आणि यंदा तिच्या माहेराहून, उरणकडच्या कोळीवाड्यातून, थोरल्या बहिणीचा फोन आला. हौसाचे पाय गेले होते. "देवीच्या पालखीला ये गं सोने," हौसा म्हणाली, "पुढल्या सालाला मी हाय का नाय, कोन सांगल?" फोन ठेवून सोनाबाई भिंतीकडे तोंड करून रडली.

गाडीने जावं, तर बाईला गाडी लागते. गल्लीतून बाहेर पडायच्या आत पिशवी मागते. लग्न झाल्यापासून ती माहेरी गेली ती होडीनेच, नवऱ्याच्या 'मैना'तून. सगळ्यांनी इंजिनं बसवली, आनंदाने नाही. तर असं, होडीत ऊन आणि गाडीत ओकारी, आणि पलीकडे बहीण वाट बघत बसलेली.

तोडगा मुलाने काढला. मिथुन एसी दुरुस्तीचं काम करायचा. त्याने कुठून तरी जुना खिडकीचा एसी आणला, होडीच्या मधोमध प्लायवूडची बसकी खोपी ठोकली, तिला काच लावली, आणि जनरेटर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ताडपत्रीखाली ठेवला. खारं पाणी उडतं ते पुढून, म्हणून मशीनची पाठ त्याने मागच्या बाजूला केली. डोकं चालवलं पोराने. चाचणी घेतली तेव्हा मैना धक्क्याला बांधलेली होती आणि तिघंही खोपीत मांडीला मांडी लावून बसले होते. आनंदा तर खूश होऊन घरी गेला. त्या वेळी बाहेर, मागे सुकाणूपाशी बसून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

पालखीच्या दिवशी सकाळी मिथुनने दोर सोडला आणि तो विचुंब्याला कामावर पळाला. उन्हाळ्यात एसीवाल्याला मरायलाही सवड नसते. सोनाबाई देवीचं लुगडं आणि हौसाच्या आवडीची करंदी, सुकवलेली बारीक कोलंबी, घेऊन खोपीत शिरली. ओहोटी होती, मागून मंद वारा होता. आनंदाने शीड चढवलं आणि सुकाणूवर जाऊन बसला.

आणि एसीने आतली सगळी गरमी आणून त्याच्या तोंडावर ओतली. भाताचं झाकण काढावं तशी वाफ. वारा मागून, होडी त्याच्याच वेगाने चाललेली, त्यामुळे ती हलायलाही तयार नाही. आनंदाने आधी सदरा काढला, मग गमछा भिजवून डोक्यावर घेतला. उठून बंद करावा, तर आत ती तापणार. तिला सांगावं, तर ती होडी फिरवायला लावणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काचेतून ती गोधडी पांघरून बसलेली दिसत होती. वर्षभरात एवढी निवांत त्याने तिला पाहिली नव्हती. "भाजू दे," तो स्वतःशी म्हणाला. गेल्या साली ती हातातून गेलीच होती, त्यापुढे हे काय?

खाडीचं तोंड आलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. पाणी संपलं होतं. मैना जराशी वाकडी गेली.

सोनाबाईने डोळे मिटले होते, पण कोळ्याच्या लेकीला ते कळतंच. हा माणूस असं सुकाणू धरत नाही. तिने काचेतून पाहिलं आणि गोधडी टाकून रणरणत्या उन्हात बाहेर आली.

"अवो, काय झाला तुमाला?"

"काय नाय. तू आत जा. ऊन लागंल."

"लागू दे!" तिने त्याच्या कपाळाला हात लावला, मग एसीच्या पाठीपुढे धरला, आणि झटक्यात मागे घेतला. "पोरानं बापाला भाजून काडला की वो! नि तुमी गप?"

"तुला हौसाला भेटायचा व्हता ना."

तिने सुकाणू त्याच्या हातातून सोडवलं. मग तिने त्याला दंडाला धरून खोपीत ढकललं, आपलीच गोधडी त्याच्यावर टाकली आणि पाण्याची बाटली हातात दिली. अंगावरच्या लुगड्याचा पदर भिजवून डोक्यावर घेतला. सुकाणूच्या दांड्याला दोरी बांधून ती शिडाच्या सावलीत येऊन बसली, जिथे वाफ पोचत नव्हती, आणि तिथूनच दोरीने होडी हाकायला लागली. लहानपणी बापाने शिकवलं होतं. लग्नानंतर कुणी विचारलंच नव्हतं.

आनंदा आत काचेला नाक लावून तिच्याकडे बघत राहिला. उन्हाला भिणारी त्याची बायको उन्हात बसली होती, आणि ओरडत होती, "निजून ऱ्हावा, उठाल तर बघा!" त्याला गार वाटलं, आणि एसीपेक्षा कितीतरी जास्त.

माहेरच्या धक्क्यावर हौसाला खुर्चीत बसवून आणलं होतं. सुकाणूची दोरी धरलेली बहीण आणि गोधडीत कुडकुडणारा मेहुणा बघून ती म्हणाली, "अगं, दाजीला काय झाला?"

"काय नाय. दरसाल ते मला आनतात. यंदा मी त्यांना आनला."

दोघी बहिणी गळ्यात पडल्या. पालखी निघाली, ओटी भरून झाली, तेव्हा सोनाबाईने मिथुनला फोन लावला.

"रं, आमी घरी आलो की ते मशीन फिरव. गार तोंड सुकानूकडं कर."

"आई, उघड्यावर एसी चालत नाय!"

"नाय चालला तरी फिरव. मी आता तितंच बसनार हाय."