गॅलरीतली निळी बादली

मी एक जुनी निळी बादली आहे आणि आमच्या घरात पाण्याची बचत माझ्यामुळे सुरू झाली. हे वाक्य मी स्वतःच तयार केलं आहे, कारण दुसरं कोणी करील असं दिसेना. शिवाय बचत सुरू झाली तेव्हा मी भंगारात निघाले होते.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे दर मिनिटाला एक बादली साच्यातून बाहेर पडत असे, त्यामुळे माझ्या आगमनाचं कोणाला विशेष कौतुक वाटलं नाही. आई-बाबांनी संसार मांडला तेव्हा आईनं दुकानात मला टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "ही टिकेल." मी टिकले. त्यांच्या लेकीची, बिट्टीची, पहिली अंघोळ माझ्याच पाण्यानं झाली. माझी कडी तुटली तेव्हा बाबांनी जाड तार वाकवून नवी केली आणि हाताला रुतू नये म्हणून तिच्यावर रबरी नळीचा तुकडा चढवला. बाबा एसी दुरुस्त करतात. त्यांच्या खिशात रुमाल सापडणार नाही, नळीचा तुकडा हमखास सापडेल. पुढे काठाखाली चार बोटांवर मला चीर गेली. आई म्हणाली, "तिथपर्यंत भरूच नका." प्रश्न मिटला.

मग बिट्टी सातवीत गेली आणि बाईंनी वर्गात 'हिरवं घर' नावाची वही वाटली. वहीत दहा सवयी होत्या. घरी पाणी किती वाचलं, ते शनिवारी वर्गात उभं राहून सांगायचं होतं. बिट्टीनं यादी मोठ्यानं वाचली. पाणी जपा. वस्तू पुन्हापुन्हा वापरा. तुटलं तर दुरुस्त करा. मित्रांनो, मी इतकी हुरळले की माझी कडी आपोआप खाली पडली. ती यादी नव्हतीच, माझं चरित्र होतं!

तेवढ्यात बिट्टीनं पुढची सवय वाचली: प्लास्टिक कमी करा.

दोन दिवसांत घरातलं चांगलं चालू असलेलं सगळं प्लास्टिक गॅलरीत आलं. त्यात गाळणी होती, डबे होते आणि मी होते. माझ्या जागी स्टीलची बादली आली. ती खोक्यात होती, खोक्यात थर्माकोल होतं आणि थर्माकोलच्या आत तिला फुग्याफुग्यांचं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं.

"कचरा बराच झाला गं," बाबा म्हणाले.

"तो एकदाच होतो," आई म्हणाली.

दहावी सवय कृतज्ञतेची होती. रोज जेवताना प्रत्येकानं कोणाचे तरी आभार मानायचे. बाबांनी सूर्याचे मानले, आईनं झाडांचे. बिट्टीनं नव्या बादलीचे मानले. तेरा वर्षांची नोकरी झालेली मी गॅलरीतून हे ऐकत होते.  

भंगारवाला शनिवारी सकाळी येणार होता. माझ्या हातात चार दिवस होते. म्हणजे हात नव्हते, दिवस होते.

गॅलरीत आमच्या एसीची नळी आहे. बाबा सगळ्या वस्तीचे एसी दुरुस्त करतात, पण स्वतःच्या एसीची नळी दोन वर्षं आखूड आहे. तिचं पाणी थेट खालच्या मजल्यावर, शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या दोरीवर पडायचं. काकू एक दिवसाआड वर यायच्या. "भाऊ, गिऱ्हाइकाचा कोट पुन्हा भिजला."

"उद्या बघतो, वहिनी. प्रयत्न चालू आहेत."

शुक्रवारी संध्याकाळी बिट्टी रडकुंडीला आली होती. पाण्याचं पान कोरं होतं. "बादली बदलली, पण पाणी तेवढंच लागतंय. बाईंना काय सांगू?"

"प्रयत्न चालू आहेत म्हण."

"ते तुम्ही काकूंना म्हणता, बाबा."

बाबा नळी बघायला गॅलरीत आले. खोकी सरकवताना त्यांच्या पायानं मला ढकललं आणि मी नळीखाली जाऊन थांबले. टप्. माझ्या तळाशी एक थेंब! मग दुसरा, तिसरा! मित्रांनो, काम सुटलेल्यालाच त्या आवाजाची किंमत कळते. मी एकही थेंब चुकू दिला नाही.

सकाळी भंगारवाल्यानं मला एका हातानं उचलायला घेतलं आणि तो वाकलेलाच राहिला. "बाई, ही भरलेली आहे. पाण्यासकट न्यायची का?"

सगळे धावत आले. बिट्टीनं लिटरचा मग आणला आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, नऊ! कुंड्या भिजल्या, फरशी पुसून झाली, तरी माझ्यात पाणी होतंच. एकूण चौदा. तेवढ्यात काकू वर आल्या. बाबा सवयीनं म्हणाले, "उद्या बघतो."

"तसं नाही, आज कपडे कोरडे आहेत," काकू म्हणाल्या. "तुमची तब्येत बरी आहे ना, भाऊ?"

भंगारवाल्यानं विचारलं, "मग बादली देताय का?"

बिट्टीनं माझी कडी घट्ट धरली. "नाही. ती कामावर आहे."

त्यानं थर्माकोल उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. ते कोणी घेत नाही, म्हणाला.

त्या दिवशी जेवताना बिट्टीनं माझे आभार मानले. चिरेचा उल्लेख टाळून. चौदा लिटरांवर वर्गात टाळ्याही पडल्या. म्हणून मित्रांनो, कळकळीनं सांगते, हिरवं होण्यासाठी दुकानात धावू नका. आधी गॅलरीत बघा. तिथे कोणीतरी वाट बघत असेल, त्याला नळीखाली सरकवा आणि जेवताना त्याचं नाव घ्या.

आमच्या घरानं तर बचत फारच मनावर घेतली. एखाद्या दिवशी मी दहाच लिटर भरले, की बिट्टी म्हणायची, "बाबा, एसी अजून तासभर चालू द्या, पाणी वाचायचं राहिलंय." पुढे बाबा स्वेटर घालून बसू लागले.

काल बिट्टीनं मध्येच राहून गेलेली सातवी सवय वाचली. ती वीज वाचवण्याची आहे.

एसी बंद आहे.