उतरवायचा दिवस

आमच्या अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर नवा मचवा पाण्यात कधी उतरणार ते कुणी बोलत नाही. दृष्ट लागते. बांधणारा स्वतःच्या बायकोलाही सांगत नाही. माझे यजमान शहाता, ज्यांना सगळे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणतात आणि मीही, त्यांनी सणावाराची पांढरी गलाबिया, तो पायघोळ अंगरखा, धुवायला टाकली की मी काय ते समजून घ्यायची.

बांधकाम कंपनी आली तेव्हा कारखान्याच्या आवारात मुअल्लिमांचा आजवरचा सगळ्यांत मोठा मचवा उभा होता. किनाऱ्यावर दुकानं, कॅफे, वर फ्लॅट, पुढे फिरायला फरसबंदी असं होणार होतं. तिथली घाण पाहता हवंच होतं, खोटं कशाला बोलू? शेजारचे मचव्यांचे कारखाने एकेक करून उठले. आमच्या तिन्ही बाजूंनी इमारती चढल्या. समुद्राकडे मचव्यापुरती फट तेवढी उरली.

नर्मीन ही कंपनीची इंजिनीअर, भली पोरगी. चहाला यायची आणि दर वेळी उतरवायचा दिवस विचारायची, तोवर त्या फटीतली भिंत थांबवते म्हणायची. मुअल्लिम म्हणायचे, अल्लाहची मर्जी होईल तेव्हा.

शेवटी ती काकुळतीला आली. "मुअल्लिम, वरून तगादा आहे. एक दिवस सांगा, कुठलाही."

"तयार झाला की उतरेल, बाई."

ती गेल्यावर मी भडकले. "अहो, सांगून टाका ना तिला. गलाबिया दोरीवर वाळतेय, मला दिसत नाही का?"

"हळू बोल. हातानं बांधलाय, आता तोंडानं बुडवू नकोस."

नर्मीनला वाटलं, यंदा काही हा मचवा होत नाही. बुधवारी फट बुजली. गुरुवारी आम्ही मचवा उतरवायला, आधी कापायचा मेंढा घेऊन पोचलो, तर समोर ओलं काँक्रीट. पलीकडे लाटा ऐकू येत होत्या. मुअल्लिम मेंढ्याची दोरी धरून उभेच राहिले. नर्मीन सगळ्यांच्या पाया पडली, पण भिंत काही कुणी पाडली नाही.

ज्यानं मचवा बांधायला दिला होता, त्या मालकानं तो कंपनीलाच विकला. आता त्याच्या पोटात दार पाडून मासळीचं हॉटेल काढलंय. लोक आत जेवतात, मुअल्लिम बाहेर बसून लाकडाच्या तुकड्यावर रंधा मारतात आणि लोक फोटो काढतात. दुसरं काम कुठून आणणार?

परवा मी तिथे गेले, तर गिऱ्हाइकं उठल्यावर ते खाली वाकून फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोकत होते, पाणी शिरू नये म्हणून.

काल त्यांनी पांढरी गलाबिया धुवायला टाकली. मी धुतली, दोरीवर घातली. दिवस विचारला नाही.