वैनीची माळ

मिरजेच्या डॉक्टरनं मणी ओवायला सांगितलं तेव्हा नानासोनं आधी मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. बावीस वर्षं पलटणीत काढलेला गडी तो. द्राक्षबागेत तार ओढताना पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं काही वळेनात.

"रोज तासभर मणी ओवा, महिन्यात बोटं सुटतील," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाजारात जाऊन नानासोनं लाल, मोतिया आणि काळे असे तीन रंगांचे मणी घेतले. नायलॉनचा दोरा, लांब सुया आणि गळ्यामागं अडकवायचे हूकही घेतले. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी?" तर हा म्हणतो कसा, "सूनबाईला छंद हाय." धडधडीत खोटं. सुनेला आठवा महिना लागलेला, तिला बसवत नव्हतं धड, ती कुठली मणी ओवतेय!

पहिला आठवडा नुसता वैताग. स्टीलच्या ताटात मणी असे उड्या मारायचे की पकडता पकडता घाम फुटायचा. शेवटी बायकोनं, मंगलनं, ताटात जुना टॉवेल अंथरून दिला, तेव्हा कुठं मणी जागेवर बसायला लागले. पहिली माळ पुरी झाली म्हणून यानं ऐटीत वर उचलली, तर शेवटाला गाठच मारली नव्हती! सगळे मणी घरंगळत अंगणात, आणि कोंबड्या धावल्या दाणे समजून. मंगल हसून हसून खाली बसली.

मग तो मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागला. आधी दोऱ्याच्या टोकाला एक मणी बांधून ठेवायचा, म्हणजे बाकीचे निसटत नाहीत. शेवटी दोन गाठी मारायच्या आणि वर नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. महिन्याभरात बोटं सुटली. पण खरी गंमत पुढंच आहे. बोटं सुटली तरी गडी काही मणी सोडेना! दुपारी जेवण झालं की मागच्या खोलीत दार लोटून बसायचा. दोन लालांमध्ये एक काळा घातला की लाल रंग कसा उठून दिसतो, हे त्याचं त्यालाच उमगलं, आणि त्या दिवशी तो पोरासारखा खूश झाला.

नातू झाला. बारशाला घरातल्या चार बायकांना चार माळा द्यायच्या, असं त्यानं मनाशी ठरवलं. मंगलला, सुनेला, सांगलीला दिलेल्या पुतणीला, म्हणजे रेश्माला, आणि रेश्माच्या आईला, हरणावैनीला. मंगलनं दहादा विचारलं, पण यानं दाखवल्या नाहीत. म्हणाला, "बारशादिवशीच बघा."

हरणावैनी या घरात आली तेव्हा नानासो सात वर्षांचा होता, बिनआईचा. त्याच्या डोक्याला तेल लावलं ते तिनं, भरतीला निघाला तेव्हा पिशवीत भाकरी बांधल्या त्याही तिनंच. आता ती पलीकडच्या घरात राहायची. रोज सकाळी भिंतीवरून तिची हाक यायचीच, "नाना, चहा घेतलास का रं?" ती हाक आली की नानासोचा दिवस सुरू व्हायचा.

बारशाला वैनी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. पाळण्यापाशी विधवा बाईनं पुढं व्हायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. थोरला भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती आपली आपणच मागं सरत आली होती.

नानासोनं तिघींना माळा दिल्या. बायका कौतुक करायला लागल्या तसा तो फुलला आणि मोठ्यानं म्हणाला, "वैनी, पुढं या की! तुमची बी केलीया!"

वैनी पदराला हात पुसत आली. यानं माळ तिच्या तळहातावर ठेवली.

"माझी?" तिनं विचारलं. माळ उचलून तिनं गळ्याशी धरून बघितली. तिच्या मोकळ्या गळ्यावर लाल, मोतिया आणि काळे मणी झळकले. तिचा चेहरा असा उजळला की बघत राहावं.

आणि शेजारची रंगूबाई बोलली. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. "नानासो, काळं मणी कुणी कुणाला द्यायचं असत्यात, मिल्ट्रीत शिकवलं न्हाई व्हय? ते बी भावजयीला!"

दोघीतिघी फिसकन हसल्या.

नानासोची कानशिलं तापली. भाऊ गेला तेव्हा याच अंगणात वैनीच्या गळ्यातले काळे मणी काढलेले त्यानं डोळ्यांनी बघितले होते. तरी याच्या ध्यानात आलं नाही! लाल उठून दिसतो म्हणून काळा घातला होता बापड्यानं. पण आता हे सांगणार कुणाला? घाबरला. जन्मात कधी घाबरला नव्हता तसा घाबरला, आणि घाबरून त्यानं जे केलं ते करायला नको होतं.

"तुमची न्हाई, वैनी, चुकून आली. ही रंगूबाईंची हाय," असं म्हणून त्यानं वैनीच्या हातातली माळ काढून घेतली आणि रंगूबाईला दिली.

वैनीचे हात क्षणभर गळ्याशी तसेच राहिले. मग तिनं ते खाली घेतले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस गेले. नानासो भिंतीपाशी घुटमळायचा, खोटंच खाकरायचा. तिकडून भांड्यांचा आवाज यायचा, पण हाक नाही. रंगूबाई मात्र ती माळ घालून गावभर मिरवत होती. ती समोरून येताना दिसली की नानासोला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. त्याला स्वतःची लाज वाटत होती. आपण वैनीला चारचौघींत हलकं केलं, काळे मणी देऊन तिची शोभा केली, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

मग त्यानं नवी माळ केली. नुसत्या मोतिया मण्यांची. काळा नाही, लालसुद्धा नाही. कुणी बोट ठेवावं असं काही ठेवलंच नाही. ती घेऊन तो दुपारी वैनीच्या ओट्यावर गेला. मण्यांचं ताटही हातात होतं, कमी-जास्त करायला लागलं तर असावं म्हणून.

"वैनी, चुकलं माझं. ही घ्या. हिला कुणी नावं ठेवणार न्हाई."

वैनी शेंगा फोडत होती. तिनं माळ हातात घेतली, उलटसुलट बघितली.

"चांगली केलीस," ती म्हणाली. "पर ही लोकांसाठी केलीस, नाना. माझ्यासाठी केलेली ती व्हती."

"आवं, पर काळं मणी..."

"काळं मणी मला दिसलं न्हाईत व्हय? आंधळी हाय का मी? दिसलं, तरीबी मी गळ्याला लावलं. अकरा वर्षांत माझ्या गळ्याचा इचार कुणी केला न्हवता. तू केलास, आनि तूच माळ वढून घेतलीस. रंगूबाई बोलली त्याचं मला काय बी वाटलं न्हाई. ती सगळ्यांनाच बोलती."

नानासोची मान जी खाली गेली ती वर येईना. काळ्या मण्यांची लाज तो आठ दिवस वागवत होता, आणि खरी लाज वाटायची गोष्ट भलतीच होती.

वैनी उठून आत गेली आणि ती पांढरी माळ तिनं देव्हाऱ्यातल्या सिद्धनाथाच्या गळ्यात घातली. "देवाला चालंल," एवढंच बाहेर येऊन म्हणाली.

नानासो उठून घरी जाणार होता. पाय पायरीकडं वळलेही होते. पण तो तिथंच ओट्यावर बसला, भर दुपारी, रस्त्याकडं तोंड करून. ताट पुढं घेतलं, टॉवेल सारखा केला. दोरा सुईत जाईना.

"वैनी, ओवून द्या. दिसत न्हाई मला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तिनं दोरा ओवून दिला. एक लाल, एक काळा, एक लाल, एक मोतिया.

रस्त्यावरून रंगूबाई आली. ती थांबणार नाही असं कसं होईल! "काय वं नानासो, वट्यावर बसून बायकांची कामं? आनि परत काळंच?"

नानासोनं सुईवर एक काळा मणी ओवून घेतला. "व्हय. वैनीची माळ मी तुमच्या गळ्यात घातली, रंगूबाई. माझंच चुकलं. म्हणून दुसरी करतोय."

रंगूबाईचा हात आपल्या गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला. मग ती तशीच पुढं चालायला लागली. ती गेल्यावरही नानासोनं मान वर केली नाही. वैनीकडं बघायचा धीर त्याला अजून झाला नव्हता.

वैनी उठून आत गेली, आणि आतून स्टोव्हचा आवाज आला.

"नाना, चहा घेतलास का रं?"