पितळी पंपाचा जळफळाट

मित्रांनो, मी फवारणीचा एक जुना पितळी पंप आहे आणि खरे सांगायचे तर मला एका बुरशीचा हेवा वाटतो.

कोबीच्या मळ्याच्या मालकाने मला सतरा वर्षे पाठीवर वागवले. माझ्या पोटात विष असे. अळ्या पटापट गळून पडत. "हा माझा तिसरा हात," असे तो पाहुण्यांना सांगे. पुढे त्याला खोकला जडला, डोळे चुरचुरू लागले.

मग एके दिवशी त्याची थोरली लेक प्रयोगशाळेतून एक पुडी घेऊन आली.

"बाबा, ही बुरशी जिवंत आहे. अळीच्या अंगात रुजते आणि तिला आतून संपवते. विषाची गरजच नाही."

झाले! पुडीला घरातला सर्वांत गार कोनाडा मिळाला. "तिला ऊन लागू देऊ नकोस हं," मालक बायकोला बजावी. मला तो दिवसदिवस उन्हात टाकत असे! तिच्यासाठी प्लास्टिकचा नवा पंपही आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

थोड्याच दिवसांत पानांवर पांढरी बुरशी चढलेल्या मेलेल्या अळ्या दिसू लागल्या. मालक त्या तळहातावर घेऊन शेजाऱ्यांना दाखवी. मी मारलेली अळी त्याने कधी हातात घेतली नव्हती.

पुढच्या पिकाच्या वेळी नवा पंप फुटला. मालकाने मला घाईघाईने विसळले आणि बुरशीचे पाणी माझ्यात ओतले. पानांवरच्या डागांचे औषध मात्र तो अजून माझ्यातूनच फवारी आणि आदल्या दिवशी माझ्यात तेच होते. त्याचा घोटभर गाळ तळाशी उरला होता. मला बोलता आले असते, तरी मी बोललो नसतो.

आठवड्याने कोबीची चाळण झाली. लेकीने विचारले, "कशातून फवारलंत?"

"आपल्या जुन्यातून."

"अहो बाबा, त्यात बुरशी मारायचं औषध होतं! ती टाकीतच मेली असणार."

मी मनात हसलो. मालकाने चिडून माझ्यात पुन्हा जहाल विष भरले. मी त्याच्या पाठीवर ऐटीत चढलो. पण दुसऱ्याच सरीत विषाच्या वासाने त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो माझ्यासकट खाली कोसळला. त्याची बायको धावत आली. तिने माझे पट्टे विळ्याने कापले.

"हा पंप माझ्या डोळ्यांसमोर नको!" ती ओरडली.

मालक बरा झाला. आता बुरशीची फवारणी त्याची बायकोच करते, दुरुस्त केलेल्या प्लास्टिकच्या पंपाने. माझ्यावर लाल रंगात "विष" असे लिहून मला कुलपात ठेवले आहे.

मित्रांनो, विषाचे भांडे वेगळे ठेवा. जिवंत औषध त्यात चुकूनही घालू नका. माझा हेवा अजून गेलेला नाही. पण बाहेरून मालकाचे बोलणे ऐकू येते आणि मधे खोकला येत नाही, तेव्हा तो जरा शमतो.