दंडाचा एक इंच

तर झालं असं, की जिमच्या फरशीखालचा पाण्याचा पाइप फुटला. सगळी फरशी फुगून वर आली, वजनांचे रॅक तिरके झाले आणि दाराला लागलं भलंमोठं कुलूप. महिनाभर तरी उघडणार नाही म्हणे. बाकीची पोरं म्हणाली, बरं झालं, सकाळची झोप मिळेल. काडीची मात्र झोपच उडाली.

काडी शाळेपासूनच असा किडकिडीत, की पोरांनी हेच नाव ठेवलं. पुढे घाम गाळून गाळून त्यानं अंग कमावलं, तरी नाव काही सुटलं नाही. दिवसभर तो कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकतो आणि डोक्यात एकच खूळ, अग्निशमन दलात जायचं. चाचणी पुढच्याच महिन्यात. माणसाच्या वजनाचा बाहुला खांद्यावर घेऊन तीन जिने चढायचे, मध्ये टेकवला की बाद. आणि यंदा बाद झाला की विषयच संपला, पुढच्या भरतीपर्यंत वय उलटून जाणार.

त्यानं घाईघाईनं जिमच्या कोचला फोन लावला. "कोच, महिनाभरात सगळं उतरेल का हो?"

"अरे, स्नायू म्हणजे काय बर्फ आहे वितळायला? आठवड्यातून दोनदा घरीच दणकून व्यायाम कर, पोटभर खा, नीट झोप. तेवढं पुरतं. जरा बारीक वाटशील, घाबरू नको. स्नायूतलं पाणी कमी होतं, बाकी काही नाही."

झालं! यानं एवढंच ऐकलं की पाणी कमी होतं. दिवसभर घटाघटा पाणी प्यायला आणि ऑफिसात साहेबाची बोलणी खाल्ली, की खुर्चीवर कमी आणि संडासात जास्त असतोस.

ताई म्हणाली, "रोज पळायला जा, दम टिकेल."

भावोजी लगेच म्हणाले, "अजिबात पळू नकोस! पळालं की शरीर आधी दंड खातं."

"तुम्हाला कोणी सांगितलं हो?" ताईनं विचारलं.

"आमच्या ऑफिसातला एक जण सांगत होता."

"तो? तो जिना चढताना मध्ये दोनदा बसतो!"

काडी दुसऱ्या दिवशी पळायला गेला, अर्ध्या वाटेत भावोजी आठवले, उरलेली वाट चालत आला. मग घरात शिरताना ताई आठवली, म्हणून दारातच जागच्या जागी उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघायला आल्या, काय पडलं म्हणून.

आता खरी गंमत ऐका. काडीची आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, टेबलावर कापडाचे तुकडे, खडू, आणि गळ्यात कायम टेप. जिम चालू असताना तिनं त्याला शर्ट शिवला होता. तेव्हा दंडाचं माप घेऊन म्हणाली होती, "पंधरा!" याचे ते पंधरा इंच सगळ्या गल्लीला सांगून झाले होते. तर यानं हळूच आईचा टेप पळवला, बाथरूमची कडी लावली, दंड फुगवला आणि टेप आवळून बघितला.

चौदा!

पुन्हा बघितलं. दुसरा दंड बघितला. चौदाच! एक इंच गेला की हो. गेला तरी कुठं?

मग काय, पठ्ठ्या पेटलाच. ताईच्या धाकटीला पाठीवर बसवून जोर मारले. ती वरून ओरडतेय, "मामा, अजून, अजून!" पाण्यानं भरलेल्या बादल्या घेऊन जिने चढला. अंडी खाल्ली, दूध प्यायला. आठवड्यानं माप घेतलं, चौदा. वाढत नाही, कमीही होत नाही. आणि सगळ्यात वेड लावणारी गोष्ट म्हणजे तो पंधरा इंचवाला शर्ट! दंड बारीक झाला तर बाही सैल व्हायला नको? बाही होती तशीच बसतेय. काडीनं डोकं धरलं. आणि मग त्याच्या डोक्यात जे आलं ना, ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यात येणारच नाही.

तो तडक आईसमोर उभा राहिला. "आई, खरं सांग. तू माझी बाही गुपचूप आत घेतलीस ना?"

"काय?"

"मला वाईट वाटू नये म्हणून! मी बारीक झालोय हे तुला कळलंय. मलाही कळलंय. मी चाचणीला जातच नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का रे? इथं गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत, तुझ्या बाह्या कोण उसवत बसणार? ये इकडे." तिनं दंडाला टेप गुंडाळला. "हे बघ, पंधरा."

काडी वाकून बघतो तर टेपच्या आत आईची दोन बोटं!

"आई, बोटं काढ!"

"का? सगळ्यांचं माप असंच घेते मी. बोटं काढून बाही शिवली तर हात वर कसा होणार तुझा?"

"काढ म्हणतो ना!"

तिनं बोटं काढली. चौदा.

काडीनं टेप ओढून स्वतः वाचला. "म्हणजे माझा दंड पंधरा कधी नव्हताच?"

"बाही पंधराची. तुझा चौदाच."

"मग मी बारीक झालो की नाही?"

"मला काय विचारतोस? शर्ट बसतोय ना, मग सरक बाजूला, मला टीप मारू दे."

त्याला कळेना, हसावं की रडावं. गेला म्हणून ज्याचा शोक केला तो इंच मुळात नव्हताच, आणि गल्लीला काय सांगायचं आता? परत कोचला फोन.

"कोच, माझा दंड चौदाच होता हो!"

"बरं मग? जिम चालू असताना माझ्यासमोर वाळूची गोणी घेऊन तू जिने चढलास, ते कोणाच्या दंडानं? शेजाऱ्याच्या?"

"माझ्याच."

"मग जा की चाचणीला!"

गेला. दंड चाचपत चाचपत, पण गेला. बाहुला खांद्यावर घेतला आणि तो एवढा जड लागला, की पहिल्याच पायरीवर वाटलं, उतरलंय सगळं, संपलं. दुसऱ्या जिन्यावर वाटलं, नाही, आहे अजून. तिसऱ्यावर काही वाटायला दमच उरला नाही. वर पोचला तरी हा आपला बाहुला घेऊन उभाच.

वरचा अधिकारी म्हणाला, "अहो, ठेवा खाली."

"टेकवला तर बाद ना, साहेब?"

"झाली तुमची चाचणी! पास झालात. ठेवा तो खाली आणि बाजूला व्हा, मागचा खोळंबलाय."

"नक्की?" काडी म्हणाला. बाहुला खांद्यावरच.